नगरपालिकेचा दिवा आणि वणीचा कोळसा

सायंकाळी दत्त चौकातील खांबावर दिवा लागतो आणि त्याच्या उजेडात यवतमाळचा नागरिक आपल्या घराची वाट धरतो. हा दिवा कोठून आला, त्याचे मोल कोणी दिले आणि त्यातील किती उजेड रस्त्यावर पडला व किती व्यर्थ गेला, ह्याचा विचार करण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही. वस्तुतः ह्या प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी त्याला फार दूर जावयास नको. ह्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी तालुक्यात, उकणी, निलजई, मुंगोली अशा खाणींतून वेस्टर्न कोलफील्ड्सचा कोळसा निघतो. तो वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत जळतो, त्याची वीज राज्याच्या विद्युत्‌जालात मिसळते, आणि त्याच जाळ्यातून ती पुन्हा यवतमाळच्या, पुसदच्या, दारव्ह्याच्या खांबांवर येऊन पोहोचते. वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र उभे आहे. म्हणजे कोळसा आमचा, धूळ आमची, उन्हाळाही आमचाच; वीज तेवढी विकत घ्यावयाची, आणि ती घेताना कोणताही हिशेब ठेवावयाचा नाही, असा हा व्यवहार आहे.

हा विषय आज काढण्यास एक प्रसंग आहे. जवळजवळ चार वर्षे राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. निवडणुकीच्या काळात रस्ते, नाल्या, पाणी आणि कचरा ह्यांविषयी पुष्कळ बोलले गेले व ते योग्यच झाले. परंतु नगरपरिषद स्वतः किती वीज जाळते, त्यापोटी किती रक्कम भरते आणि त्यातील किती वाचविता येईल, ह्याविषयी एकाही व्यासपीठावरून शब्द निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अंदाजपत्रकात विजेच्या बिलाचा आकडा एखाद्या नैसर्गिक आपत्तीसारखा येतो. तो कोणी मांडीत नाही, कोणी तपाशीत नाही, फक्त भरला जातो किंवा थकविला जातो. हा आकडा आपत्ती नसून कारभाराचा भाग आहे, एवढेच आम्हास सांगावयाचे आहे.

येथे एक आक्षेप ताबडतोब घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, जेथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे २७ लाख ७२ हजार लोकांपैकी बहुसंख्य कोरडवाहू शेतीवर जगतात, तेथे कर्बवायूच्या घटीची चर्चा म्हणजे पोटभरल्यांची करमणूक होय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. जगाची हवा श्रीमंत देशांनी बिघडविली. ती सुधारण्याचा भार यवतमाळच्या नगरपरिषदेने का वाहावा? प्रश्न न्याय्य आहे. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे अभिवचन दिले, ते पाळण्याची मुख्य जबाबदारी केंद्राची, राज्यांची आणि मोठ्या उद्योगांची आहे, ह्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. म्हणून आम्ही कर्बवायूचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवतो आणि केवळ रुपयांचा हिशेब मांडतो. तो मांडल्यावर कर्बवायूचा हिशेब आपोआप होतो, असे वाचकांच्या लक्षात येईल.

रस्त्यावरचा एक जुना दिवा काढून त्याजागी एल.ई.डी. दिवा लावला आणि त्यामुळे ५० वॉट वाचले, असे धरू. दिवा रात्री ११ तास जळला तर वर्षाकाठी सुमारे २०० युनिटे वाचतात. असे एक हजार खांब घेतले तर दोन लाख युनिटे झाली. युनिटाला आठ रुपये दर धरला तर सोळा लाख रुपये वाचले. दर दिव्याला चार हजार रुपये खर्च आला असे मानले, तरी चाळीस लाखांची ही रक्कम अडीच वर्षांत भरून येते आणि पुढील वर्षांची बचत निव्वळ पदरात पडते. आपल्या देशाच्या विद्युत्‌जालातील दर युनिटामागे साधारणतः सात दशांश किलो कर्बवायू हवेत जातो. तेव्हा ह्याच हजार खांबांवर वर्षाला सुमारे १४० टन कर्बवायूही वाचतो. दर आणि किंमत ज्याची त्याने आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावी. हिशेबाची रीत बदलणार नाही.

आता कोणी म्हणेल, हे दिवे तर लागून गेले. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी रस्त्यावरील दिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू केली आणि एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ह्या सरकारी कंपनीच्या द्वारे देशभर १ कोटी ३० लाखांवर दिवे बदलण्यात आले. तिची कल्पना चतुर होती: भांडवल कंपनीने घालावयाचे आणि नगरसंस्थेने ते बचतीतून हप्त्याहप्त्याने फेडावयाचे. अनुभव मात्र संमिश्र आला. देशभर अनेक नगरसंस्थांनी कंपनीचे हप्ते थकविले, आणि हप्ते थकले की दुरुस्ती रेंगाळते हे सांगावयास नको. हप्ते का थकले? बचत झाली नाही म्हणून नव्हे. बचत झाली; परंतु ती वेगळी ओळखली गेली नाही. बिल कमी आले, उरलेली रक्कम सर्वसाधारण निधीत मिसळली आणि तेथून ती कोणत्या वाटेने गेली हे कोणालाच सांगता येईना. आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. ज्या पैशाला अंदाजपत्रकात नाव नाही, तो पैसा वाचूनही वाचत नाही.

ग्रामपंचायतींची कथा ह्याहून करुण आहे. पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकलेली बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत, अशा सूचना राज्याच्या ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये दिल्या, तेव्हा राज्यभर सरपंचांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गावाच्या विकासासाठी आलेला पैसा जळून गेलेल्या विजेपोटी का द्यावा? परंतु ज्यांनी सूचना दिल्या त्यांचेही म्हणणे पूर्णपणे चूक नव्हते. वीज वापरली तर तिचे मोल कोणीतरी द्यावयाचेच. ह्या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोडून दिली. दिवसाढवळ्या जळणारे पथदिवे किती आणि ते विझविण्यासाठी एक साधे स्वयंचलित बटण बसविण्यास किती खर्च येईल, हे कोणी विचारले नाही. बिल कोणी भरावे ह्यावर वाद झाला. बिल लहान कसे करावे ह्यावर झाला नाही.

दिव्यांहून मोठा खर्च पाण्याचा आहे. यवतमाळकरांना २०१८ चा उन्हाळा विसरता येणार नाही. निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे तळाला गेली, टँकरच्या मागे माणसे धावली आणि नळाला पाणी येण्याचा दिवस हा घरातील सणाचा दिवस ठरला. अमृत योजनेतून बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणण्याचे काम हाती घेण्यात आले, ते आवश्यकच होते. परंतु दूरचे पाणी म्हणजे पंपाचे पाणी, आणि पंपाचे पाणी म्हणजे विजेचे पाणी, हे त्याबरोबर येणारे सत्य आहे. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर वर चढविण्यास निसर्गनियमाप्रमाणे सुमारे २७० युनिटे लागतात. ह्यात कोणालाही सूट मिळत नाही. पंपाची कार्यक्षमता साठ टक्के असेल तर प्रत्यक्षात सुमारे ४५० युनिटे लागतील. ती पंचाहत्तर टक्क्यांवर आणली तर सुमारे ३६० पुरतील. दिवसाला दोन कोटी लिटर उपसणाऱ्या एखाद्या योजनेत हा फरक वर्षाकाठी साडेसहा लाख युनिटांच्या घरात जातो. आणि एवढ्या कष्टाने वर चढविलेले पाणी वाटेत फुटलेल्या नळातून रस्त्यावर वाहिले, तर पाण्याबरोबर वीजही वाहून गेली, आणि विजेबरोबर वणीचा कोळसाही. गळती बंद करणे हा जसा पाण्याचा कार्यक्रम आहे तसाच तो विजेचाही आहे.

येथे आणखी एक अडचण आहे आणि ती माणसांच्या स्वभावाची नसून व्यवस्थेची आहे. यवतमाळ शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे, दिवे नगरपरिषदेकडे, शाळा काही नगरपरिषदेच्या, काही जिल्हा परिषदेच्या, वीज महावितरणाची. ज्याने पंप सुधारण्यासाठी पैसा घालावयाचा तो एक, ज्याच्या रस्त्याखालून नळ जातो तो दुसरा, आणि ज्याच्या खिशातून अखेर पाणीपट्टी जाते तो तिसरा. खर्च एकाच्या खिशातून आणि बचत दुसऱ्याच्या खिशात, अशी मांडणी असली की शहाणा माणूसही हात आखडतो. ही कोंडी फोडावयाची तर ह्या सर्वांना एका टेबलाभोवती बसविणारी कोणीतरी संस्था हवी, आणि जिल्हा नियोजन समितीवाचून दुसरी अशी संस्था आज दिसत नाही.

पैशाच्या मूळ स्रोतांकडे आता वळू. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पाच वर्षांसाठी दिलेल्या अनुदानांत दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांसाठी साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता ह्यांना बांधून दिली आणि चाळीस टक्के मोकळी ठेवली. मोठ्या शहरांना हवेच्या शुद्धतेसाठी स्वतंत्र निधी मिळाला. यवतमाळ, वणी किंवा उमरखेड ह्यांना त्या नावाने काही मिळाले नाही. वणीच्या रस्त्यांवरची कोळशाची धूळ पाहिलेल्या कोणालाही ह्या विभागणीतील विसंगती समजावून सांगण्याची गरज नाही. हवा शिरगणतीवर बिघडत नाही. उरलेल्या चाळीस टक्क्यांतून पगाराखेरीज सर्व काही भागवावयाचे. त्यात ऊर्जेची पाळी येणार केव्हा?

राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश ह्या पंचतत्त्वांच्या नावाने स्थानिक संस्थांना गुण देण्याची ही योजना आहे. पहिल्या वर्षी ६८६ संस्था तीत उतरल्या. 'अग्नी' ह्या तत्त्वाखाली ऊर्जेची बचत आणि सौरशक्ती ह्यांना गुण आहेत. अभियानाने ह्या विषयाला नगरपरिषदेच्या कचेरीत प्रवेश मिळवून दिला, हे श्रेय त्याचे आहे. परंतु स्पर्धेचा एक दोष असतो. परीक्षेच्या आधी महिनाभर भिंती रंगतात, रोपे लागतात, छायाचित्रे निघतात. परीक्षा झाली की रोपांना पाणी घालणारा कोणी उरत नाही. बक्षीस हा उत्साहाचा उपाय आहे. तो उत्पन्नाचा उपाय नव्हे.

अनुदानावर भरवसा ठेवणाऱ्यांनी श्रीमंत देशांकडेही पाहावे. ब्रिटनने २०२० मध्ये शाळा, रुग्णालये व स्थानिक मंडळांच्या इमारतींतील कर्बवायू कमी करण्यासाठी मोठी अनुदान योजना काढली. २०२५ मध्ये चालू टप्प्यानंतर ती पुढे न चालविण्याचा निर्णय तेथील सरकारने केला. वरून आलेला पैसा वरूनच बंद होतो, हा अनुभव लंडनचा तोच मुंबईचा. ह्याउलट जर्मनीतील स्टुटगार्ट शहराने १९९५ पासून वेगळी वाट धरली. नगरप्रशासनातील एका खात्याने आपल्याच दुसऱ्या खात्यांना ऊर्जाबचतीच्या कामासाठी पैसा द्यावयाचा. शाळेचा तापविण्याचा खर्च कमी झाला की त्या बचतीतून तो पैसा परत घ्यावयाचा. आणि परत आलेल्या पैशातून पुढच्या इमारतीचे काम करावयाचे. ह्यात कोणतेही गूढ नाही. आपल्याकडील बचतगटाच्या भगिनी हीच रीत दर महिन्याला पाळतात: एकीने घेतलेले फेडले की दुसरीची पाळी येते. ज्या जिल्ह्यात हजारो बाया हा हिशेब बिनचूक ठेवतात, त्या जिल्ह्यातील नगरपरिषदांना तो जमणार नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

दुसरा स्रोत खुद्द कोळशाचा आहे. २०१५ मध्ये खाणविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. जुन्या खाणपट्ट्यांच्या धारकाने स्वामित्वधनाच्या तीस टक्के आणि लिलावाने पट्टा घेणाऱ्याने दहा टक्के इतकी जादा रक्कम ह्या प्रतिष्ठानाला द्यावयाची असते. हा पैसा खाणबाधित भागासाठी आहे, आणि तो यवतमाळ शहराचे चौक उजळण्यासाठी वापरावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तो अन्याय होईल. त्यावर पहिला हक्क वणी, मारेगाव आणि झरी जामणी ह्या भागांतील त्या गावांचा आहे, ज्यांच्या विहिरी आटल्या आणि ज्यांच्या कापसावर काळी भुकटी बसते. परंतु ह्याच योजनेच्या नियमांत पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण व प्रदूषणनियंत्रण ह्यांना अग्रक्रम आहे आणि त्यांच्या पाठोपाठ ऊर्जा व पाणलोट विकास ह्यांनाही स्थान आहे. तेव्हा खाणीलगतच्या आरोग्यकेंद्राच्या छपरावर, जिल्हा परिषदेच्या शाळेवर, गावाच्या पाणीपंपावर सौरपट्ट बसविण्यास कायद्याची आडकाठी नाही. लस ठेवण्याचा शीतपेटारा भारनियमनात बंद पडू नये, ही मागणी चैनीची आहे काय? कोळसा संपल्यानंतरही त्या गावाच्या पदरात काही राहावे, असा पैशाचा ह्याहून उचित उपयोग आम्हास दिसत नाही.

ह्या जिल्ह्याला अशा विचाराचे वावडे असण्याचे कारण नाही. १९३० च्या जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो भोवतालच्या निसर्गसंपत्तीवर तेथील माणसाचा काही अधिकार आहे हे सांगण्यासाठीच. पुढे ज्या समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे ह्याच जिल्ह्याचे सुपुत्र. सत्ता खाली आली पाहिजे हे ज्या भूमीने राज्याला शिकविले, तेथे खाली आलेल्या सत्तेने आपल्या विजेचा हिशेबही ठेवू नये, हे शोभणारे नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीने अपारंपरिक ऊर्जा हा विषय पंचायतींकडे सोपविला आहे. बाराव्या अनुसूचीने पर्यावरणाचे रक्षण आणि रस्त्यावरचे दिवे हे विषय नगरसंस्थांकडे दिले आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ ही कलमे पुस्तकात आहेत. ती कचेरीत कधी येणार, एवढाच प्रश्न आहे.

तिसरी संधी नागरिकांच्या छपरांवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच योजनेत आपल्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक संचामागे स्थानिक संस्थेला एक हजार रुपये प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यातील एका आदर्श सौरग्रामाला एक कोटी रुपये आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. साताऱ्यातील मान्याचीवाडी ह्या लहानशा गावाने आपले सर्व व्यवहार सौरविजेवर आणून दाखविले. विदर्भाच्या उन्हाची तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. त्या उन्हाला कामाला लावण्याची कला मात्र सातारकरांकडून शिकावी लागावी, ही थोडी लाजेची गोष्ट आहे.

एक सावधगिरीचा शब्दही बोलला पाहिजे. ऊर्जेच्या नावाने येणारी प्रत्येक खरेदी ही बचत नसते. शाळेच्या छपरावर सौरपट्ट बसवून त्यावरची धूळ पुसावयास कोणी नेमला नाही, बॅटरी दोन वर्षांत मेली आणि पुरवठादाराचा पत्ता लागला नाही, अशी उदाहरणे वाचकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली असतील. ठेका वस्तूचा देऊ नये, कामगिरीचा द्यावा. किती दिवे लावले ह्यावर नव्हे, तर पाच वर्षे किती दिवे जळत राहिले आणि किती युनिटे वाचली ह्यावर पैसा द्यावा. आधी मोजमाप, मग खरेदी, असा क्रम असेल तरच आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते ही गत टळेल. मोजमापाचे काम करण्यास ऊर्जा संरक्षण अधिनियम, २००१ खाली राज्याने नेमलेली महाऊर्जा ही संस्था आहे. तिला पाचारण करावयास ठराव पुरतो.

तेव्हा यवतमाळच्या आणि जिल्ह्यातील इतर नगरपरिषदांच्या नव्या सदस्यांपुढे आम्ही तीनच गोष्टी ठेवतो. पहिली, नगरपरिषदेच्या प्रत्येक वीजजोडणीचे लेखापरीक्षण करून तिचे वार्षिक बिल नागरिकांपुढे ठेवावे. दुसरी, अंदाजपत्रकात ऊर्जाबचतीचे स्वतंत्र शीर्षक उघडावे, त्यात आरंभी लहानशीच रक्कम घालावी, आणि वाचलेला प्रत्येक रुपया कायद्याने नव्हे तरी ठरावाने त्याच शीर्षकात परत यावा. तिसरी, जिल्हा नियोजन समितीने खनिज प्रतिष्ठान, जीवन प्राधिकरण, महावितरण आणि स्थानिक संस्था ह्यांना एकत्र बसवून पंप व शाळा ह्यांचा पहिला टप्पा ठरवावा. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड आहे. जुनी चौकट जाऊन नवी येते तेव्हाच आपली मागणी नोंदविण्याची वेळ असते. ज्यांच्या हाती स्वतःच्या विजेचा आकडाही नाही, त्यांनी अधिक निधी मागितला तर तो कशाच्या आधारावर द्यावा, असे वरचे अधिकारी विचारतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

जगाची हवा ह्याने एका वर्षात सुधारणार नाही, हे आम्हास कळते. परंतु सोळा लाख रुपयांत नगरपरिषदेच्या शाळांची किती गळकी छपरे दुरुस्त होतील, हा हिशेब कोणत्याही नगरसेवकाला मांडता येईल. तो मांडला जावा आणि दर वर्षी जाहीर व्हावा. दत्त चौकातील दिव्याखालून जाणाऱ्या नागरिकाला एवढे मागण्याचा पूर्ण अधिकार आहे, कारण त्या दिव्याचे मोल अखेरीस तोच देत असतो.